खटपट : रिमोटने डिकी उघडताना

मंडळी, पुण्या-मुंबईकडे जिला आपण डिकी म्हणतो तिला इकडे ट्रंक म्हणतात. नाव काहीही असो, दोन्ही हातांत इंडियन ग्रोसरीच्या पिशव्या, काखेत कणकेची पिशवी आणि किल्ली खिशाच्या तळाशी, ही अवस्था सगळ्यांच्याच ओळखीची आहे. नव्या गाड्यांना ही सोय कंपनीकडूनच येते. पण घरातली जुनी सेडान आता कॉलेजातल्या मुलाकडे गेलेली असते. तिला बाहेरून अलार्म बसवलेला असतो, पण रिमोटवरचं डिकीचं बटण शोभेपुरतंच राहतं, कारण तेवढी एक वायर कोणी जोडलेलीच नसते. शनिवारच्या एका दुपारचं हे काम आहे.

आधी आपली डिकी उघडते कशी ते पाहा. ड्रायव्हरच्या सीटशेजारी ओढायचा खटका असेल, तर तिथून मागपर्यंत नुसती पोलादी केबल जाते. अशा गाडीत डिकीच्या कुलपाशी वेगळा सोलेनॉइड बसवावा लागतो. विजेचं बटण असेल तर काम सोपं. बटणाकडून मागे जाणाऱ्या वायरवर मल्टिमीटर लावा. एरवी शून्य आणि बटण दाबल्यावर १२ व्होल्ट दिसले तर ती प्लस प्रकारची. एरवी १२ आणि दाबल्यावर शून्य, तर मायनस प्रकारची. टेस्ट लॅम्प वापरू नका. आणि पिवळ्या वेष्टणातल्या वायरींना तर हातच लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

आता मुख्य मुद्दा. अलार्ममधून येणारी वायर अगदी अशक्त असते. ती फक्त मायनसचा इशारा देते आणि साधारण अर्ध्या अँपिअरच्या आतच झेपवते. सोलेनॉइड मात्र क्षणभर का होईना, कित्येक अँपिअर ओढतो. दोन्ही थेट जोडले तर अलार्मचा आतला ट्रान्झिस्टर जळतो. म्हणून मध्ये रिले हवा. १२ व्होल्टचा, पाच पायांचा साधा गाडीचा रिले घ्या. पायांवर आकडे छापलेले असतात. ८५ ला अलार्मची वायर, ८६ ला फ्यूजमधून आलेला प्लस, ३० ला डिकीकडे जाणारी वायर. ८७ ला प्लस प्रकारच्या गाडीत फ्यूजमधला प्लस आणि मायनस प्रकारच्या गाडीत बॉडीचं अर्थिंग. ८७ए मोकळा ठेवा. ८५ आणि ८६ च्या मध्ये एक डायोड टाका, पट्टीची बाजू ८६ कडे. रिले बंद होताना उलटा झटका बसतो, तो डायोड गिळून टाकतो.

प्लस जिथून घ्याल तिथून जितका जवळ जमेल तितका जवळ फ्यूज लावा. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नका, सोल्डर करा. आणि पहिली चाचणी डिकी उघडी ठेवूनच! स्क्रूड्रायव्हरने कुलपाची जीभ बंद करा, रिमोट दाबा, खट् आवाज येऊन जीभ सुटली की काम फत्ते. मगच झाकण लावा. किल्लीने उघडायचं कुलूपही चालू स्थितीत असू द्या. बॅटरी उतरली की रिमोटचा काही उपयोग नाही, आणि काही गाड्यांत तर बॅटरीच डिकीत असते.

इथवर सोयीचं झालं. पण डिकीत हात घातलाच आहे तर आणखी एक गोष्ट बघून घ्या. १९९८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेत तीन घटनांत अकरा मुलं डिकीत अडकून दगावली. त्याआधी १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॅनेट फेनेल आणि त्यांच्या पतीला लुटारूंनी त्यांच्याच गाडीच्या डिकीत कोंडलं होतं. अंधारात चाचपडताना त्यांना कुलपाची केबल सापडली म्हणून ते दोघं वाचले. पुढे डिकीला आतून उघडायची सोय हवी, यासाठी त्या बाईंनी चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर १ सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या, डिकी असलेल्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली. बहुतेक गाड्यांत ती अंधारात चमकणाऱ्या मुठीच्या रूपात दिसते.

आपण जोडलेलं बटण बाहेरच्या माणसाच्या हातात असतं. आत अडकलेल्या पोराला त्याचा काडीचाही आधार नाही. उलट रिमोट खेळणं म्हणून पोरांच्या हाती गेला, तर डिकी उघडून आत शिरणं त्यांना सोपंच होतं. तेव्हा गाडी त्याआधीची असेल आणि आत मूठ नसेल, तर ती बसवायचं किट मिळतं, ते याच वेळी बसवून घ्या. मूठ असेल तर ती ओढून पाहा, सामानामागे दडलेली नाही ना तेही बघा, आणि ती कशासाठी आहे हे मुलांना, नातवंडांना दाखवून ठेवा. रिमोट आणि किल्ल्या त्यांचा हात पोचणार नाही अशा खुंटीला अडकवा. लपंडाव चालू असताना एखादं पोर दिसेनासं झालं, तर आधी डिकी उघडून बघा.

रिले, डायोड, फ्यूज, वायर असा सगळा खर्च एका पिझ्झाच्या आसपास येतो. पुढच्या अंकात बॅटरीच्या पायांवर जमणाऱ्या हिरव्या-पांढऱ्या बुरशीबद्दल बोलू.