आधी नाव तर विचारा!

जून आला, शाळा भरल्या. आमच्या गारगोटीला शिक्षणाचं कौतुक जुनंच, जे. पी. नाईकांच्या मौनी विद्यापीठाचं हे गाव. तरी नव्या बाईंना सल्ला मिळतो तो एकच, "पहिल्या दिवशीच जरब बसवा!" अहो, शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मार तर नाहीच, मानसिक छळालाही बंदी! आणि नुसतं "गप्प बसा" ओरडून वर्ग कधी गप्प बसतो का? हात रिकामे असले की पोरं बोलणारच. तास सुरू होण्याआधी फळ्यावर काम लिहून ठेवावं, आठवडाभरात सगळ्यांची नावं पाठ करावीत. नावानं हाक मारली की मागच्या बाकावरचा दंगेखोरही वळून बघतो. आणि वाडीवरून पावसात भिजत आलेल्या पोराला उशीर झाला म्हणून दाराबाहेर कसलं उभं करता? आधी डोकं तरी पुसू द्या की त्याला!