टोपलीचा खेळ : विद्येचा कीं वित्ताचा ?

फाल्गुन सरून चैत्र लागतो त्या सुमारास आमच्या घरीं पहांटे एक वाद हटकून उपस्थित होतो. अमेरिकेंत रात्रीं होणारे बास्केटबॉलचे सामने आपल्याकडे भल्या पहांटे दिसतात. त्यामुळें देवपूजेची घंटा वाजण्यापूर्वींच दिवाणखान्यांत दोन पक्ष पडलेले असतात. एका पक्षाचे पुढारी आम्ही. आमचा कैवार कॉलेजांतील विद्यार्थ्यांच्या खेळाचा. दुसऱ्याचे पुढारी आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव. त्यांचें दैवत म्हणजे धंदेवाईक खेळाडूंची एन. बी. ए. यंदां या वादाचा निकाल आमच्या मातुश्रींनीं दिला, आणि तो आमच्या विरुद्ध गेला. ती हकीकत वाचकांस सादर करितों. कारण प्रश्न चेंडूपेक्षां मोठा आहे.

हा खेळ जन्मला तोच मुळीं विद्यालयांत. 1891 सालच्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेंत, जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी. आंत कवाईत करून विद्यार्थी कंटाळलेले. चार भिंतींच्या आंत खेळतां येईल असा नवा खेळ काढा, अशी वरिष्ठांची आज्ञा झाली. नेस्मिथसाहेबांनीं सज्जाच्या कठड्यास दहा फुटांवर पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन तट पाडून फुटबॉलच्या चेंडूनें खेळ सुरू केला. दुसऱ्याच वर्षीं, 1892 सालीं, स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सनबाईंनीं तो मुलींस शिकविला. 1936 सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकांत या खेळास प्रथम स्थान मिळालें, तेव्हां तो पाहावयास वृद्ध नेस्मिथ स्वतः हजर होते. त्याच बर्लिनमध्यें आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनीं देशी खेळ करून दाखविले, हें येथें नमूद करतांना आम्हांस अभिमान वाटतो.

आमची कॉलेजच्या खेळाची गोडी या उगमांतच आहे. 1939 सालीं कॉलेजांच्या राष्ट्रीय सामन्यांस आरंभ झाला, तेव्हां संघ होते अवघे आठ. ऑरेगॉनच्या विद्यार्थ्यांनीं ओहायो स्टेटचा 46-33 असा पराभव केला. पुढें संघ पुष्कळ वाढले. नियम मात्र एकच : एकदां हरला तो घरीं गेला. एखादें अप्रसिद्ध कॉलेज एका रात्रीं मोठ्या विद्यापीठास लोळवितें, तें या नियमामुळेंच. 1966 सालीं टेक्सस वेस्टर्नच्या संघानें पांच कृष्णवर्णीय खेळाडू प्रथम मैदानांत उतरवून केंटकीच्या केवळ गोऱ्या संघास 72-65 असें हरविलें. त्या एका रात्रीनें वर्णाभिमान्यांस जें शिकविलें तें शंभर व्याख्यानांनीं शिकविलें नसतें. आणि कॅलिफोर्नियांतील यू. सी. एल. ए.चे गुरुजी जॉन वुडन ! 1964 ते 1975 या बारा वर्षांत त्यांच्या शिष्यांनीं दहा वेळां अजिंक्यपद मिळविलें. पण नव्या विद्यार्थ्यास त्यांचा पहिला पाठ असे तो मोजे सुरकुती न पडूं देतां कसे घालावे याचा. सुरकुतीनें फोड येतो, आणि फोड आलेला खेळाडू बसून राहतो ! हा गुरुकुलाचा थाट पाहून आम्ही भाळलों, यांत नवल तें काय ?

"काका, तुमचें गुरुकुल ठीक आहे," चिरंजीव म्हणाले, "पण खेळाला शहाणपण शिकविलें तें धंदेवाल्यांनीं." त्यांचें म्हणणें अगदींच वावगें नव्हे. धंदेवाल्यांचा हा संघ 1946 सालीं निघाला आणि 1949 सालीं प्रतिस्पर्धी संघटनेशीं एक होऊन त्यानें आजचें नांव घेतलें. पुढें गेलेल्या संघानें चेंडू नुसता खेळवीत बसावें, असा त्या काळीं परिपाठ पडला. 22 नोव्हेंबर 1950 रोजीं फोर्ट वेन विरुद्ध मिनिॲपोलिस हा सामना 19-18 असा संपला. प्रेक्षकांनीं पैसे देऊन जांभया विकत घेतल्या. तेव्हां सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनीं साधें त्रैराशिक मांडलें. खेळ 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा; चांगल्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून टोपलीवर सुमारें 120 वेळां चेंडू टाकतात; भागाकार 24. तेव्हां 24 सेकंदांच्या आंत चेंडू टाकलाच पाहिजे, असा नियम 1954 सालीं झाला. कॉलेजच्या मुलांच्या खेळांत असें घड्याळ सर्वत्र आलें तें 1985 सालीं, आणि तेंहि 45 सेकंदांचें ! दुरून टाकलेल्या चेंडूस तीन गुण, हा नियमहि एन. बी. ए.नें 1979 सालीं घेतला; कॉलेजांनीं 1986 सालीं. "शिवाय सातांपैकीं चार सामने जिंकावे लागतात, काका. नशीब एक रात्र साथ देईल, चार रात्री नाहीं." स्टीफन करीसारखा चणीनें लहान मनुष्य दुरून टोपली साधून थोराड गड्यांस नाचवितो, याचाहि त्यांनीं दाखला दिला. करी हा डेव्हिडसन या छोट्या कॉलेजाचा, आणि 2008 सालच्या विद्यार्थ्यांच्या सामन्यांतच लोकांनीं त्यास ओळखलें, याचें आम्हीं तत्काळ स्मरण दिलें.

शेवटीं आम्हीं आपलें ब्रह्मास्त्र काढलें. "तुझे खेळाडू पैशासाठीं खेळतात, आमचे विद्यालयाच्या नांवासाठीं!" चिरंजीव हसले. "1950 सालीं न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजनें वर्षांतील दोन्ही मोठीं अजिंक्यपदें मिळविलीं. 1951 सालीं त्याच संघांतील खेळाडू पकडले गेले. जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन विजयाचें अंतर मुद्दाम कमी राखल्याबद्दल. ते विद्यार्थीच होते ना ?"

मातुश्री इतका वेळ वाती वळीत होत्या. त्यांनीं विचारलें, "या तुमच्या कॉलेजच्या सामन्यांना तिकीट असतें का रे ?" असतें, आम्ही म्हणालों. "शिकविणाऱ्याला पगार ?" मोठ्या संघांत लक्षावधि डॉलर. "मग पोरांना काय मिळत असे ?" शिक्षणाची फी माफ, राहणें, जेवण. मातुश्रींनीं वात खालीं ठेविली. "म्हणजे पोटावारी. आमच्या लहानपणीं घरोघर एखादी निराधार बाई असे. पन्नास पानांचा स्वयंपाक करी. दोन लुगडीं आणि दोन वेळचें अन्न. पैसा मागितला तर म्हणत, 'अग, तूं तर घरचीच !' तिचें घरचेपण आठवे तें तेवढ्याच वेळीं."

यावर आम्हांस बोलण्यास जागा उरली नाहीं. 2021 सालच्या जुलैपासून तेथील विद्यार्थी-खेळाडूंस आपल्या नांवाचा व प्रसिद्धीचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. 2025 सालीं न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें कॉलेजें त्यांस स्वतः पैसे देऊं लागलीं. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजास सुमारें दोन कोटि पांच लक्ष डॉलर. या दोन्ही प्रसंगीं आम्हीं घरांत मोठ्यानें शोक केला होता, हें कबूल करणें प्राप्त आहे. तो शोक ज्या निर्मळतेबद्दल होता, तिचें मोल दुसरेच कोणी भरीत होते. 2024 सालीं कॉलेजच्या मुलींचा अंतिम सामना अमेरिकेंत मुलांच्या सामन्याहून अधिक लोकांनीं पाहिला. त्या मुलींस पुढें धंद्यांत मिळणारें वेतन पुरुषांच्या मानानें फारच थोडें. लोक डोळे भरून पाहतात त्याच वर्षीं त्यांस मोबदला मिळूं नये, असें कोणत्या तोंडानें म्हणावें ?

मात्र आमची एक शंका उरतेच. वरच्या श्रेणींत मुलांचे संघ असलेलीं कॉलेजें साडेतीनशेंहून अधिक. प्रत्येकाचे तेरा गडी धरले तरी साडेचार हजार होतात. एन. बी. ए.च्या वार्षिक निवडींत दोन फेऱ्या मिळून फार तर 60 नांवें पुकारलीं जातात, आणि त्यांत परदेशींचेहि खेळाडू असतात. बाकीच्यांस पोट भरावयाचें तें दुसऱ्याच विद्येवर. आतां पुष्कळ खेळाडू अधिक पैशासाठीं वर्षावर्षाला कॉलेज बदलतात. त्यांचा अभ्यास कोण पाहतो? पैसे न देतां राबविणें हा अन्याय खराच. पण पैसे देऊन विद्या न देणें हीहि पोटावारीच, फक्त ताट मोठें. क्रिकेटच्या शिकवणीपायीं शाळेस दांड्या मारणाऱ्या मुलांच्या वडीलधाऱ्यांनीं आमच्याकडेहि हा हिशेब एकदां करून पाहावा.

दुसऱ्या दिवशीं पहांटे सामना सुरू झाला, तेव्हां मातुश्री खुर्ची पुढें ओढून बसल्या. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "त्या उंच मुलाची परीक्षा केव्हां आहे रे ?" काका-पुतण्यांपैकीं कोणासच उत्तर देतां आलें नाहीं.