विजेची मोटार आणि व्यापाऱ्याचा लांबचा रस्ता

कापडाच्या धंद्यात असलेल्या माणसाचे निम्मे आयुष्य रस्त्यावर जाते. मालेगावचा माणूस भिवंडीला जातो, भिवंडीचा सुरतेला, इचलकरंजीचा मुंबईला. नमुने गाडीत, हिशेबाची वही बगलेत, आणि उधारी वसूल करून रात्री घरी परत. अशा माणसाला आज शोरूमवाला विजेवर चालणारी मोटार दाखवतो आणि सांगतो की एकदा चार्ज केली की गाडी चारशे किलोमीटर जाते, डिझेलचा खर्च वाचतो, टोलही माफ होतो. यातील किती गोष्टी खऱ्या आणि किती कागदावरच्या, याचा हिसाब व्यापारी बांधवांनी मोटार घेण्यापूर्वी करावयास हवा. गाडीची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते, आणि ती रक्कम अनेकांच्या वर्षभराच्या नफ्याहून मोठी आहे.

प्रथम पल्ल्याची गोष्ट. कंपनी जो आकडा छापते तो चाचणीतला असतो. महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगाने, एसी लावून, चार माणसे आणि डिकीत कापडाचे गठ्ठे घेऊन निघालात की चारशेचे तीनशेच्या आत येतात. मालेगाव ते भिवंडी अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. म्हणजे जाणे होते, पण येणे होत नाही. वाटेत राहुडचा घाट आहे, पुढे कसाऱ्याचा आहे. चढताना बॅटरी भराभर उतरते. उतारावर थोडी वीज परत मिळते हे खरे, पण चढावर गेली तेवढी येत नाही. म्हणून परतीसाठी कुठे तरी चार्जिंग करणे भाग आहे, आणि प्रश्न तेथूनच सुरू होतो.

चार्जिंग दोन प्रकारचे. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिट वीज भरते, म्हणजे ३० युनिटची बॅटरी भरायला इशापासून फजरपर्यंत सगळी रात्र. दुसरे रस्त्यावरचे वेगवान यंत्र. हे ३०, ६०, १२० किलोवॅटचे असते आणि पाऊण-एक तासात काम भागवते. पण येथे एक मेख आहे, जी विकणारा सांगत नाही. यंत्र १२० किलोवॅटचे असले तरी गाडी स्वतःच्या ताकदीइतकीच वीज घेते. लहान गाड्या ३० किलोवॅटच्या आसपास घेतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या १७५ किलोवॅटपर्यंत घेऊ शकतात आणि २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर वीस मिनिटांत जातात, असे कंपनी सांगते. पण तेवढ्या ताकदीचे यंत्र समोर असेल तरच! शिवाय ६० किलोवॅटच्या यंत्राला दोन नळ्या असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली, तर बहुतेक यंत्रांवर ते ६० दोघांत वाटले जातात. ८० टक्क्यांनंतर तर बॅटरी स्वतःच वीज हळूहळू घेऊ लागते. शेवटच्या २० टक्क्यांना पहिल्या ६० इतकाच वेळ लागतो म्हटले तरी चालेल. म्हणून रांग असेल तेव्हा ८० वर गाडी काढावी. त्यात आपलाही वेळ वाचतो आणि मागच्याचाही.

आता यंत्रे आहेत किती? सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार डिसेंबर २०२४ मध्ये देशात २५,२०२ सार्वजनिक चार्जिंग केंद्रे होती. त्यांत कर्नाटकात ५,७६५ आणि महाराष्ट्रात ३,७२८. त्याच वेळी देशात पेट्रोल पंप नव्वद हजारांच्या वर होते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंस केंद्र असावे असे म्हटले होते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणातही राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरचाच वायदा आहे. मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ वेगवान केंद्रांसाठी ८०० कोटी मंजूर झाले. पुढे पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी आणखी २,००० कोटी ठेवले. पैसा नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की केंद्रे मोजली जातात ती बसवलेली, चालू असलेली नव्हेत. त्यात जुनी १५ किलोवॅटची ‘भारत डीसी-००१’ जातीची यंत्रेही आली. ती पहिल्या काळातल्या कमी दाबाच्या गाड्यांसाठी होती आणि आजच्या सीसीएस-२ नळीच्या मोटारीला त्यांचा उपयोग नाही. मागे भाच्याच्या गाडीतून आम्ही भिवंडीहून परतत होतो. मोबाइलवरील नकाशात एका हॉटेलाच्या आवारात केंद्र हिरव्या रंगात दिसत होते. पोहोचलो तर यंत्राचा पडदा काळा. चौकीदार म्हणाला, “चाचा, हे तीन दिवसांपासून बंद आहे. फोन केलाय, माणूस नाशिकहून यायचा आहे.” बॅटरी १४ टक्के. भाचा म्हणाला, “मामू, एसी बंद करतो,” आणि काचा उघड्या टाकून पन्नासच्या वेगाने पुढचे केंद्र गाठले. तेथे यंत्र चालू, पण एकच नळी आणि पुढे दोन गाड्या. दीड तास तेथेच गेला. मगरिब आणि जेवण उरकले म्हणून वेळ अगदीच वाया गेला नाही, पण मालेगावात ज्याच्याकडे वसुलीला जायचे होते त्याची दुकान तोपर्यंत वाढवली होती.

हे यंत्र बंद का पडते आणि पडून का राहते, हे आपल्या यंत्रमागवाल्याला जितके लवकर समजेल तितके दिल्लीच्या बाबूला समजणार नाही. साधा माग एक हॉर्सपॉवरच्या मोटारीवर चालतो. ६० किलोवॅट म्हणजे ८० हॉर्सपॉवर. एक चार्जिंग यंत्र बसवायचे म्हणजे ८० मागांच्या कारखान्याइतका भार मंजूर करून घ्यायचा. साध्या ढाब्याचे कनेक्शन पाच-दहा किलोवॅटचे असते, म्हणजे बहुधा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आला. पण ८० माग दिवसरात्र चालतात, आणि या यंत्रावर दिवसाला पाच गाड्या आल्या तरी खूप झाले. पाच गाड्या, प्रत्येकी २५ युनिट, म्हणजे १२५ युनिट. यंत्राची दिवसाची पूर्ण ताकद १,४४० युनिट. कारखाना नवव्या हिश्शानेही चालत नसेल तर मालक कारागीर ठेवील का? सुटे भाग घेऊन ठेवील का? अनुदान घेऊन यंत्र उभे राहिले, उद्घाटनाचा फोटो निघाला, पुढे त्याला वाली नाही.

म्हणून आमचे मत असे की अनुदानाचा मोठा हिस्सा यंत्र बसवण्यावर न देता ते वर्षात किती तास चालू राहिले यावर द्यावा. महिन्यात ठरावीक दिवसांहून जास्त बंद राहिले की रक्कम कापावी. आणि प्रत्येक ठिकाणी एक नळी देण्याऐवजी कमी ठिकाणी चार-चार नळ्या द्याव्यात. २५ किलोमीटरवर एक बेभरवशाचे यंत्र असण्यापेक्षा ५० किलोमीटरवर चार चालू यंत्रे असलेली प्रवाशाला जास्त कामाची. ईद-दिवाळीच्या सुट्यांत आणि लग्नसराईत ज्याने रांग पाहिली आहे तो हे नाकारणार नाही.

दुसरी तक्रार पैशांच्या व्यवहाराची. प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे, प्रत्येकात पैसे आधी जमा करा. शंभर-दोनशे रुपये चार ठिकाणी अडकून पडतात. ॲप इंग्रजीत, यंत्रावरच्या सूचना इंग्रजीत. माझ्यासारखा उर्दू शाळेत शिकलेला माणूस कसाबसा वाचतो, पण ट्रकच्या पिढीचा ड्रायव्हर काय करील? पानवाल्याकडेसुद्धा स्कॅन करून पैसे देता येतात, तर येथे का नाही? दरही एकसारखा नाही. कोठे पंधरा, कोठे वीस, कोठे पंचवीस रुपये युनिट, आणि वर १८ टक्के जीएसटी. गाडीवर ५ टक्के आणि तिच्या खुराकावर १८ टक्के, हा कोणता न्याय? कर धरून पूर्ण दर पेट्रोल पंपासारखा मोठ्या पाटीवर, मराठीत, रस्त्यावरून दिसेल असा लिहिला पाहिजे. माप आणि भाव गिऱ्हाइकाला आधी दिसला पाहिजे ही कोणत्याही तिजारतीची पहिली अट आहे.

याचा खर्चाशी थेट संबंध आहे. गाडी युनिटला सहा किलोमीटर जाते असे धरा. रस्त्यावर २० रुपये अधिक कर, म्हणजे किलोमीटरला चार रुपयांच्या जवळ. डिझेल लिटरला नव्वद आणि गाडी अठरा देत असेल तर पाच रुपये. म्हणजे नुसत्या रस्त्यावरच्या चार्जिंगवर धंदा करायचा असेल तर बचत रुपयाची. खरी बचत घरच्या मीटरवर आहे. तेथे युनिट दहा रुपयांना पडले तरी किलोमीटरला पावणेदोन रुपयांत काम होते. मोहल्ल्यात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी लावणाऱ्याने हा फरक ध्यानात घेऊनच पाऊल टाकावे.

टोलमाफी मात्र कामाची आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोल माफ करण्यात आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यामुळे कसाऱ्याचा घाट टळतो आणि गाडी भिवंडीच्या दाराशी उतरते. पण समृद्धीला वाटेल तेथे उतरून ढाबा गाठता येत नाही. ७०१ किलोमीटरचा बंद रस्ता, त्यावर चार्जिंग असेल तर तेथेच. नागपूरकडे जाणाऱ्याने वाटेतली चालू यंत्रे आधी फोनवर विचारून घ्यावीत. सुरतेला कुसुंबा, साक्री, नवापूर मार्गे जाणाऱ्यानेही तेच करावे. कोंडाईबारीच्या घाटात बॅटरी संपली तर टोइंगची गाडी यायला रात्र उजाडेल.

आता जी गोष्ट आपल्या हातात आहे तिच्याकडे वळू. व्यापारी भिवंडीत किंवा सुरतेत गेला की बाजारात चार-पाच तास थांबतो. गाडी पार्किंगमध्ये उभीच असते. तेथे वेगवान यंत्राची गरजच काय? सात किलोवॅटचे साधे यंत्र पाच तासांत ३५ युनिट भरते, म्हणजे दोनशे किलोमीटरची सोय. त्याला भार लागतो नऊ-दहा मागांचा. मार्केटच्या संघटनांनी आपल्या आवारात अशी चार-सहा यंत्रे लावली तर परगावच्या गिऱ्हाइकाला परतीची काळजी राहणार नाही, आणि ज्या मार्केटमध्ये ही सोय असेल तेथे तो दोन तास जास्त थांबेल. २०२४ च्या केंद्रीय सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत, सूर्याची वीज मुबलक असताना, चार्जिंग केंद्रांना पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट दराने वीज द्यावी असे म्हटले आहे, आणि बाकीच्या वेळी १.३ पट. बाजाराची वेळ नेमकी तीच!

महामार्गावर आपल्या बिरादरीतील अनेकांची हॉटेले, ढाबे आणि टायरची दुकाने आहेत. त्यांच्याकडे जागा आहे, पार्किंग आहे, वुजू-नमाजची आणि बायकामुलांसाठी स्वच्छतागृहाची सोय करता येते, आणि पाऊण तास थांबलेला प्रवासी जेवल्याशिवाय जात नाही. अडचण भांडवलाची. व्याजाच्या कर्जात अनेकांना पडायचे नसते. पण जागा एकाची, पैसा दुसऱ्याचा आणि नफ्यात ठरलेला हिस्सा, ही शिरकत आपल्याला नवी नाही. कराराच्या वेळी तीन बाबी लेखी असाव्यात. यंत्र बिघडल्यास कंपनीचा माणूस किती तासांत येईल, यंत्र बंद असतानाचा वीजबिलाचा स्थिर आकार कोणाच्या नावे पडेल, आणि हॉटेलच्या गल्ल्याचा हिस्सा करारात धरला आहे की नाही. आमच्या मते दुसऱ्या बाबीवरच बहुतेक भागीदाऱ्या तुटतील, कारण गाडी येवो न येवो, ते बिल दरमहा येणारच.