श्रमाचे माप आणि शेतातील काम

कोणते काम किती जड, हे ठरविण्याची आपली रीत अजून ओझ्यापाशीच थांबलेली आहे. पोते उचलणाऱ्याचे काम जड; भुईमुगाच्या ओळीत दिवसभर उकिडवे बसून खुरपणाऱ्या बाईचे काम मात्र हलके! मजुरी ठरवितानाही बहुधा हाच समज चालतो. तो तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत अशी तपासणी सरकार करते. व्यवसायांचा पहिला सरकारी कोश तेथे १९३९ साली निघाला. त्याची चौथी आवृत्ती १९७७ची, आणि तिच्यात १९९१ साली शेवटची मोठी सुधारणा झाली. अपंगत्वाचे निर्वाहवेतन मागणाऱ्यास ‘तुम्ही अमुक काम करू शकता’ असे सांगताना तेथील सामाजिक सुरक्षा खाते याच कोशाचा आधार घेई. त्या कामांत कवचफळे निवडणाऱ्याचेही काम होते. ते आता उरले आहे किती, हे कोणी पाहावयाचे? अखेर २०२४ साली त्या खात्याने अशा शंभरावर कालबाह्य व्यवसायांचा आधार घेणे थांबविले.

कोश जुना झाल्यामुळे श्रम-सांख्यिकी कार्यालयाने त्या खात्यासाठी नवी पाहणी हाती घेतली. तिच्यात वजनाबरोबरच वाकणे, गुडघे टेकणे, उकिडवे बसणे, ऊन व धूळ, कामाची गती कोणाच्या हाती आहे, स्वतः निर्णय किती घ्यावे लागतात, हे सारे नोंदविले जाते. एखादी हालचाल दिवसाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक वेळ चालली, तर तिला ‘सततची’ म्हणतात. या मापाने आमची खुरपणी कोठे बसेल, हे वाचकांनीच ठरवावे.

पद्धत चांगली, पण तिच्यातही दोन उणिवा आहेत. माहिती प्रायः मालकपक्षाकडून घेतली जाते. आणि शेती हा उद्योग, तसेच स्वतःचाच धंदा करणारे लोक, पाहणीच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ व २०२४ साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. तीवरून कोणत्या कामात किती वेळ जातो ते कळते. पाठ किती वेळ वाकलेली होती ते कळत नाही. शेतकऱ्यांसाठी राज्याची अपघात साहाय्य योजना आहे, आणि ती आवश्यकच आहे. पण तीस वर्षे खुरपून निकामी झालेला गुडघा हा काही अपघात नव्हे. त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची?

म्हणून आमची सूचना अशी की, कृषी विद्यापीठे व कृषी विभाग यांनी मिळून शेतकामाची अशी पाहणी करावी. आरंभ खुरपणी, कापूस वेचणी व ऊसतोडणी या तीन कामांपासून करावा. पाहणी ऐन हंगामात, प्रत्यक्ष फडात व शेतात जाऊन व्हावी. आणि प्रश्न मुकादमास नव्हे, तर काम करणाऱ्या बाईस व गड्यास विचारले जावेत.