घरचा सल्ला : बर्फातली सौरवीज

एका वाचक भगिनीने काळजीने लिहिले आहे. लेक-जावई कॅनडात, एडमंटनला असतात. छपरावर सौर पॅनेल बसवली आहेत, आणि बर्फ पडला रे पडला की जावईबापू फावडे घेऊन शिडी चढतात!

ताई, आधी जावयांना खाली उतरायला सांगा. त्याच शहरातल्या नॉर्दर्न अल्बर्टा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०१२ पासून पाच वर्षे काही पॅनेलवरचा बर्फ झाडला, काहींवर तसाच राहू दिला. वर्षाच्या विजेत फरक पडला तो सुमारे ३ टक्क्यांचा. एवढ्यासाठी का हातपाय मोडून घ्यायचे?

हिवाळ्यात तिथे दिवस मुळातच तोकडा, वीज थोडीच होते. खरी कमाई उन्हाळ्याची. तेव्हा जास्तीची वीज कंपनीच्या तारांत सोडायची, तिचे पैसे बिलात वळते होतात. थंडीत तिकडूनच वीज घ्यायची. आपण नाही का पापड-कुरडयांची बेगमी उन्हाळ्यातच करून ठेवत!

थंडीने पॅनेल बिघडते ही समजूतही काढून टाका. त्याला हवा उजेड, ऊब नव्हे; उलट तापले की वीज कमी होते. पॅनेल चांगले तिरपे असले की थोडे ऊन लागताच बर्फ आपोआप घसरतो. तो एकदम धबकन पडतो, म्हणून खाली मुलांना खेळू देऊ नये.

अगदीच राहवले नाही तर जमिनीवरूनच, लांब दांड्याच्या मऊ फोमच्या झाडणीने हलकेच ओढावा. कढत पाणी मात्र चुकूनही ओतू नये. काच तडकते.