कोठून बोलता?

आमच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. अलीकडचा तीर तेलंगणाचा, पलीकडचा महाराष्ट्राचा. या नदीकाठच्या गावांत एक गंमत नित्य घडते. ओसरीवर बसून बोलताना मोबाइलला आपल्या राज्याची रेंज असते. मळ्यात चार पावले खाली उतरावे, तो महाराष्ट्रात आपले स्वागत असल्याचा संदेश येऊन थडकतो. मनुष्य तेथेच, बैल तेथेच, फोन मात्र परराज्यात गेलेला! आम्हीही या गोष्टीला हसत आलो. परंतु एक प्रश्न मनात आला आणि हसू ओसरले. त्याच मळ्यात रात्री कोणास सर्पदंश झाला व घरच्यांनी १०८ लावला, तर तो फोन कोठे जाईल? हैदराबादेस की पुण्यास?

याचे उत्तर हवे असेल तर दूरध्वनीची वाट जाणली पाहिजे. भारतात दूरध्वनी केंद्रे १८८२ साली सुरू झाली. कलकत्त्याचे त्या वर्षी २८ जानेवारीस उघडले. त्या काळी प्रत्येक ग्राहकाच्या घरून तारांची एक जोडी केंद्रातील फळ्यापर्यंत येई. ग्राहकाने फोन उचलला की ऑपरेटर विचारी, कोण पाहिजे? आणि खुंटी त्या घराच्या भोकात बसवी. परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. मग एका गावचा ऑपरेटर दुसऱ्या गावच्यास हाक घाली, तो तिसऱ्यास, आणि तारेला तार जोडीत ती वाट तयार होई. तासन् तास वाट पाहावी लागे खरी, पण त्या माणसाचे डोके ठिकाणावर असे. पत्ता अर्धवट सांगितला तरी तो विचारून घेई.

हा माणूस हटविण्याचे श्रेय अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्रोजर या गृहस्थाकडे जाते. त्याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते असा त्यास संशय आला, असे सांगतात. आणि त्या रागातून स्वयंचलित केंद्राची कल्पना निघाली, जिचे पेटंट त्यास १८९१ साली मिळाले. वाट ठरविणारा ज्याच्या बाजूचा, गिऱ्हाईक त्याचे, हे त्या चतुर माणसाने ओळखले होते! आपल्याकडे परगावचा क्रमांक ग्राहकाने स्वतः फिरविण्याची सोय प्रथम २६ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान झाली.

ऑपरेटर गेला, तेव्हा त्याचे ज्ञान अंकांत भरावे लागले. आदिलाबादचा संकेतांक पाहा : ०८७३२. आरंभीचे शून्य केंद्राला सांगते की हा फोन गावाबाहेर जावयाचा आहे. पुढचे अंक प्रदेश, मग त्यातील विभाग दाखवितात, आणि अखेरचे सहा अंक घर. शून्य वगळून सारे मिळून दहा. केंद्र आरंभीचे अंक वाचून त्या दिशेची मोकळी वाट शोधते. ती गजबजलेली असली तर दुसऱ्या वळणाने जाते. तेही न साधले तर या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त असल्याचे आपणास ऐकविले जाते. गंमत अशी की नांदेडचा संकेतांक ०२४६२ आणि यवतमाळचा ०७२३२. आमचे तीन शेजारी जिल्हे, तिघांचे आरंभीचे अंक तीन : आठ, दोन, सात. नांदेड आणि आदिलाबाद १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, लेकीबाळी आजही इकडून तिकडे दिल्या जातात. पण अंकांनी नाते तोडले ते तोडलेच.

तरीही दहा अंकांचा फोन चुकत नाही, कारण जावयाचे कोठे ते त्याच्या पोटातच लिहिलेले असते. मोबाइलच्या क्रमांकात गाव नसते, परंतु चालू असलेला फोन आपण कोणत्या टॉवरांच्या छायेत आहो हे वरचेवर कळवीत राहतो आणि ती नोंदवही पाहून हाक त्याच्यापर्यंत पोचविता येते.

१०८ ची गोष्ट निराळी. त्या तीन अंकांत गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. ते ठिकाणाचे नावच नव्हे, ते कामाचे नाव आहे. म्हणून तो फोन कोणाकडे द्यावयाचा हे, जो टॉवर हाती लागला त्यावरून ठरते. हैदराबादेत ही सेवा २००५ साली सुरू झाली, महाराष्ट्रात २०१४ साली. महाराष्ट्राचे केंद्र पुण्यास आहे. ११२ हा क्रमांकदेखील त्या त्या राज्याच्या केंद्राकडेच जातो. आणि बिनतारी लहरींना पैनगंगा दिसत नाही. पलीकडचा टॉवर प्रबळ असला की आमच्या मळ्यातील हाक पुण्यास ऐकू जाणार, आणि पलीकडच्या शेतकऱ्याची हैदराबादेस.

कोणी म्हणेल, नवे फोन आपले ठिकाण आपणच कळवितात. कळवीत असतीलही, पण आजीच्या हातातील बटणांच्या साध्या फोनकडून ती अपेक्षा कशी करावी? शिवाय भाषेचा प्रश्न आहेच. आमच्या भागात घरात मराठी, बाजारात तेलुगू, गोंडांच्या गुड्यांवर गोंडी. घाबरलेला मनुष्य आईच्याच भाषेत बोलतो, आणि हैदराबादेत फोन घेणारास ती समजेलच असे नाही.

यात यंत्राचा दोष आम्ही मानीत नाही. त्याला जेवढे शिकविले तेवढे ते करते. आमचे म्हणणे इतकेच, की जुना ऑपरेटर जे विचारी ते विचारणारा माणूस या जागी तरी हवा. सीमेवरचा फोन दुसऱ्या राज्याचा निघाला तर हे आमचे क्षेत्र नव्हे, पुन्हा लावा, असे उत्तर मिळता कामा नये. ज्याने तो घेतला त्यानेच शेजारच्या केंद्राकडे जोडून द्यावा, आणि जोडला जाईपर्यंत स्वतः लाइनीवर राहावे. दोन्ही केंद्रांत मराठी व तेलुगू दोन्ही जाणणारा एक तरी मनुष्य अष्टौप्रहर असावा. राज्यांना हे अवघड नाही. नदीवर पूल बांधण्यापेक्षा तर खासच स्वस्त आहे.

आम्हा विद्यार्थ्यांकडूनही एक काम होण्यासारखे आहे. दारामागे, जेथे दिनदर्शिका टांगलेली असते, तेथे एक कागद चिकटवावा. त्यावर मोठ्या अक्षरांत आधी राज्य, मग जिल्हा, मग मंडल, मग गाव व जवळची ठळक खूण, मराठीत आणि तेलुगूत. फोन लावणाराने दुखणे सांगण्यापूर्वी तो वाचावा. आम्ही आमच्या घरी लावला आहे. आजीने तो पाहिला आणि म्हणाली, आपले गाव मला ठाऊक नाही काय? मग राज्याचे नाव तिला विचारले, तेव्हा ती क्षणभर थांबली. जन्मल्यापासून तिने तीन पाहिली आहेत.