वाकनीस म्हणजे कोण?



पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन मुलुंडला आले, तेव्हापासून मी हे आडनाव फोड करून सांगते आहे. गॅसवाला 'वाघनीस' लिहितो, कुरियरवाला 'वाकणकर'. शाळेत मुलांनी तर 'वाकून भाजी निसणाऱ्या बाई' असे नाव पाडले होते!

आज हा विषय निघाला तो पुतण्यामुळे. तो घराण्याचा कुलवृत्तान्त छापतो आहे आणि मूळ पुरुष म्हणून शिवकालातल्या दत्ताजी त्रिंबकांचे नाव घालणार आहे. माझा याला विरोध आहे. फोनवर बोलले की वाद होतो, म्हणून इथे लिहिते.

वाकनीस हे मुळात हुद्द्याचे नाव. फारसीत 'वाकिया' म्हणजे घटना आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मोगलांच्या सुभ्यांमध्ये वाकेनवीस असत, ते तिथली बित्तंबातमी बादशहाला कळवीत. शिवाजीमहाराजांकडे वाकनीस दरबारचा रोजचा वृत्तान्त ठेवी. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हे पद दत्ताजीपंतांकडे होते, त्याला 'मंत्री' हे संस्कृत नाव मिळाले. सुरनीस सचिव झाले, मुजुमदार अमात्य. दरबारातले शब्द बदलले, आडनावे मात्र फारसीच राहिली. चिटणीस, सबनीस, पोतनीस. पारसनीस तर फारसी लिहिणारेच! (मला यात काही कमीपणा वाटत नाही.)

पण हुद्दा काही एकाच घराचा नसतो. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू, फडणिशी हे त्यांचे काम. आजचा प्रत्येक फडणीस काही नानांचा वंशज नव्हे. मग आपणच दत्ताजीपंतांचे कसे?

आपल्याकडचे कागद ह्यांच्या पणजोबांपाशी संपतात. हे सांगितले तर पुतण्या म्हणाला, "काकू, तुम्ही बाहेरून आलात, तुम्हाला अभिमान कसा असणार?" लागले मला. घडले ते लिहिणाऱ्याचे हे आडनाव, त्याखाली माहीत नसलेले छापायचे, हा कसला अभिमान? मूळ पुरुष पणजोबाच लिहावेत आणि वरची जागा कोरी सोडावी.

कुणाकडे जुनी सनद, खरेदीखत, पत्र असेल तर दिवाळीपूर्वी झेरॉक्स पाठवा. मूळ कागद देऊ नका. आजेसासूबाईंची पत्रे एका नातलगाला दिली होती, ती अजून परत आलेली नाहीत.